‘ओव्हर’ म्हणजे कशापेक्षा?

गेल्या अप्रेझलमध्ये मॅनेजरनं मला एकच सुधारणा सुचवली: “तू ओव्हरथिंक करतेस.” झालं होतं असं, की पेमेंटच्या एका फीचरवर मी तीन प्रश्न काढले होते. युजरनं बटण दोनदा दाबलं तर? बँकेचं उत्तर उशिरा आलं तर? मध्येच नेट गेलं तर? मी त्याला विचारलं, “मग किती विचार चालला असता? दोन प्रश्न?” तो हसून म्हणाला, “हेच, हेच ते.”

फॉर्मवर तो शब्द तसाच राहिला. तेव्हापासून मी ‘ओव्हर’वाले शब्द धरून बसलेय. ओव्हररिॲक्ट, ओव्हरशेअर, ओव्हरसेन्सिटिव्ह, ओव्हररेटेड, ओव्हरॲम्बिशस. (आपल्याकडचा ‘ओव्हरस्मार्ट’ तर खास. त्यात स्मार्टपणाचं कौतुक औषधालाही उरत नाही.)

‘ओव्हर’ मुळात एवढा खडूस नाही. ओव्हरकोट अंगावर चढतो, ओव्हरब्रिज रुळांवरून जातो. तिथे जास्तीचा काही संबंध नाही. आपलं ‘वर’ आणि इंग्रजीतलं ‘ओव्हर’ ही दूरची भावंडंच आहेत. संस्कृत ‘उपरि’, ग्रीक ‘हायपर’, लॅटिन ‘सुपर’ हेही त्याच घराण्यातले. वर असणं आणि जास्त असणं या सगळ्यांनी कधी ना कधी एकमेकांत मिसळलं. आपणही म्हणतोच की, “चूक स्वतःची, आणि वर मलाच बोलतोस!”

माझी तक्रार वेगळी आहे. मराठीत जास्त म्हणायचं तर बहुतेक वेळा ‘पेक्षा’ लागतं. गरजेपेक्षा, वाजवीपेक्षा, ऐपतीपेक्षा. ‘ऐपतीपेक्षा जास्त खर्च केलास’ असं कुणी म्हणालं, तर निदान ऐपत किती यावर भांडता येतं. ‘ओव्हरस्पेंड’ ते ‘पेक्षा’ गिळून टाकतो. माप कुणाचं, ते कधी घेतलं, काहीच कळत नाही, आणि निकाल मात्र लागलेला असतो. हा दोष एकट्या इंग्रजीचा नाही, हेही कबूल करते. ‘अतिशहाणा’ म्हणणाऱ्याला कुणी विचारलंय, की शहाणपणाची हद्द नेमकी कुठे संपते?

मी कोड लिहिते तिथे असं मोघम चालत नाही. जावामधल्या ‘इंट’मध्ये जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. त्यात एक मिळवला, की ओव्हरफ्लो होतो आणि आकडा उलटून थेट उणे होतो. कॉम्प्युटर कधी ‘मला जरा जास्त वाटतंय’ म्हणत नाही.

माणसांच्या जगातही जिथे पैसे द्यायचे असतात, तिथे हद्द बरोबर लिहून ठेवलेली सापडते. महाराष्ट्रात एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, की ती ‘अतिवृष्टी’. त्यावर पंचनामे आणि भरपाई ठरते. साठच मिलिमीटर झाला आणि तरी सोयाबीन पाण्यात गेलं, तर शेतकऱ्याला निदान आकड्याशी भांडता येतं.

माझे बाबा कारखान्यात होते. त्यांच्या पगाराच्या चिठ्ठीवर ‘ओटी’ असा रकाना असायचा. १९४८च्या कारखाने अधिनियमानं दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची रेघ मारली होती. तिच्यापुढच्या तासाला दुप्पट मजुरी. दिवाळीचे कपडे आम्हाला बऱ्याचदा त्या रकान्यानं घेऊन दिले. माझ्या सॅलरी स्लिपवर असा रकाना नाही. पहिल्या नोकरीत लॉगिनची वेळ बघायचे, लॉगआउटची कुणी बघायचं नाही. रात्री दोनपर्यंत बसलं तर तो ओव्हरटाइम नसायचा, त्याला ‘स्ट्रेच’ म्हणायचे. आणि दमले म्हटलं, की मी ओव्हरवेल्म्ड! म्हणजे बाबांचा ‘ओव्हर’ कंपनीच्या खात्यावर पडायचा, माझा माझ्या स्वभावावर पडतो.

आकडा असला म्हणजे न्याय होतोच असंही नाही. अमेरिकेत कनेटिकटमधल्या न्यू लंडन शहरात १९९६ साली रॉबर्ट जॉर्डन नावाच्या माणसानं पोलिसातल्या नोकरीसाठी अर्ज केला. बुद्धिचाचणीत त्याला ३३ गुण पडले. मुलाखतीला बोलावले गेले ते २० ते २७ गुणांचे लोक. फार हुशार माणूस कंटाळून नोकरी सोडेल आणि प्रशिक्षणाचा खर्च वाया जाईल, असा त्यामागचा हिशेब. तो कोर्टात गेला आणि हरला. सगळ्यांना एकच नियम लावलाय, मग भेदभाव कसला, असं २००० साली अपील कोर्टानंही धरलं. मला हा निकाल पटत नाही. पण जॉर्डनला एक गोष्ट मिळाली, जी ‘ओव्हरक्वालिफाइड’ म्हणून परत पाठवलेल्या बाकीच्यांना मिळत नाही. त्याला ‘पेक्षा’ सापडलं. २७पेक्षा.

एवढं सगळं लिहिणारी मी काही साधी नाही. मागच्या महिन्यात रिलीजमुळे उशीर झाला, कॅबमध्ये फोन बंद पडला, आणि घरी येऊन चार्जिंगला लावला तर आईचे अकरा मिस्ड कॉल. मी चिडून म्हणाले, “आई, ओव्हररिॲक्ट नको गं करूस.”

ती जरा वेळ गप्प राहिली. मग तिनं विचारलं, “बरं. मग किती वाजल्यापासून काळजी करायची, ते सांगून ठेव.”

मला उत्तर सुचेना. माझा मॅनेजर निदान हसला तरी होता. शेवटी म्हटलं, “साडेअकरा.”

आता ती अकरा एकतीसला फोन करते.