एक कुंडी, दोन मजले आणि एक शुद्धिपत्रक

आज जो पेपर घेतोय, तो तुम्ही वाचला नसेल, पण त्याची गोष्ट बहुतेक ऐकली असेल. अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात काही आजी-आजोबांना कुंडीतलं रोप दिलं आणि सांगितलं, याची काळजी तुम्ही घ्यायची. बाकीच्यांनाही रोप दिलं, पण पाणी नर्स घालणार असं सांगितलं. दीड वर्षाने पाहिलं तर पहिल्या गटात मृत्यूचं प्रमाण दुसऱ्या गटाच्या निम्मं होतं. तात्पर्य काय, तर जबाबदारी माणसाला जगवते.

ही गोष्ट मीही सांगितली आहे, तीसुद्धा चक्क सेमिनारमध्ये. माझं काम वनस्पतिशास्त्रातलं. पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये 'आपल्या विषयाबाहेरचा एक पेपर मांडा' असं सांगितलं होतं. कुंडी दिसली म्हणून मी हा निवडला. १५ टक्के विरुद्ध ३० टक्के अशी स्लाइड लावली. सगळ्यांना आवडली. मग मागच्या बाकावरून एका सीनिअरने विचारलं, "शुद्धिपत्रक वाचलंस का?" शुद्धिपत्रक सोडा, मी मूळ पेपरसुद्धा धड वाचला नव्हता. एका पुस्तकातला परिच्छेद उचलला होता.

त्या दिवशी जे करायला हवं होतं, ते आज करतो. तुमच्यापैकी ज्यांना सिनॉप्सिस लिहायचा आहे, त्यांनी सोबत कागद-पेन घेऊन बसा.

आधी प्रयोग नीट समजून घेऊ

एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी कनेक्टिकट राज्यातल्या आर्डन हाऊस नावाच्या नर्सिंग होममध्ये हा प्रयोग केला. पेपर १९७६ साली आला. त्यांनी तिथले दोन मजले निवडले. चौथ्या मजल्यावर ४७ जण, दुसऱ्यावर ४४, वय ६५ ते ९०. आरोग्य आणि आर्थिक-सामाजिक स्थितीच्या बाबतीत दोन्ही मजले सारखे आहेत, असं तिथल्या लोकांकडून समजून घेऊन ही निवड केली होती.

तिथल्या व्यवस्थापकाने दोन्ही मजल्यांवर छोटंसं भाषण दिलं. चौथ्या मजल्यावर भर होता तो 'तुम्ही ठरवा' यावर. खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा, तक्रार असेल तर ती मांडायची, हे सगळं तुमच्या हातात आहे. रोप हवं का, हवं तर कोणतं, तेही तुम्हीच निवडा आणि सांभाळा. सिनेमा दोन दिवस दाखवणार आहोत, कोणत्या दिवशी यायचं ते तुम्ही ठरवा. दुसऱ्या मजल्यावर सूर वेगळा होता. तुम्हाला आनंदात ठेवणं ही आमची जबाबदारी. हे घ्या रोप, पाणी नर्स घालतील. सिनेमा कोणत्या दिवशी, ते आम्ही कळवू.

तीन आठवड्यांनी पाहणी केली. जबाबदारी दिलेल्या गटातल्या ९३ टक्के लोकांमध्ये सुधारणा दिसली, दुसऱ्या गटातल्या ७१ टक्क्यांची अवस्था खालावलेली दिसली. बरणीत किती गोळ्या आहेत ते ओळखण्याची स्पर्धा ठेवली, तर चौथ्या मजल्यावरून १० जण आले, दुसऱ्यावरून फक्त एक. अठरा महिन्यांनी पुन्हा पाहणी झाली आणि त्यावरचा पेपर १९७७ साली आला. मृत्यूचे आकडे याच दुसऱ्या पेपरमधले आहेत.

चांगलं काय आहे, तेही बघा

टीका करायची म्हणून कुणाचं श्रेय काढून घेऊ नका. संस्थेत राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला 'सेवा' मिळाली की झालं, असं धरून चालण्याच्या काळात या दोघींनी विचारलं की सेवेच्या नावाखाली आपण त्यांच्या हातातले छोटे छोटे निर्णय तर काढून घेत नाही ना? हा प्रश्न आजही लागू आहे. आपल्याकडच्या वृद्धाश्रमात चहा कधी, टीव्हीवर काय, भजन कधी, हे कोण ठरवतं ते एकदा बघून या.

दुसरं म्हणजे त्यांनी फक्त 'बरं वाटतंय का' असं विचारलं नाही. बरणीची स्पर्धा ही वागणुकीची मोजणी आहे. कुणाच्या मताला तिथे फारसा वाव नाही.

प्रश्न चांगला होता, काही मोजमापंही चांगली होती. आता अडचणींकडे येऊ.

अडचण पहिली: ९१ माणसं की २ मजले?

हे माझ्या विषयातल्या उदाहरणाने सांगतो. समजा तुमच्याकडे दोन ट्रे आहेत आणि प्रत्येकात ४५ रोपं. एका ट्रेला नवं खत दिलं, दुसऱ्याला नाही. पहिल्यातली रोपं जास्त वाढली. मग तुमचं सॅम्पल ९० का? मुळीच नाही. पहिला ट्रे खिडकीजवळ असेल, दुसऱ्यात बुरशी शिरली असेल. खत ट्रेला दिलंय, रोपाला वेगवेगळं दिलेलं नाही. त्यामुळे खरं सॅम्पल २.

इथे तेच झालंय. चिठ्ठी प्रत्येक माणसासाठी वेगळी टाकली नव्हती, मजल्यासाठी टाकली होती. एका मजल्यावरची माणसं एकत्र जेवतात, एकमेकांची सर्दी घेतात, एकाच नर्सच्या हाताखाली असतात. चौथ्या मजल्यावर दोन गप्पिष्ट आज्या असतील, तर अख्खा मजला हसता राहील. तो परिणाम जबाबदारीचा की त्या आज्यांचा? दोन मजल्यांच्या डेटावरून हे वेगळं काढता येत नाही, मग सांख्यिकी कितीही लावा.

मग एकेका माणसासाठी चिठ्ठी का नाही टाकली? कारण भाषण सगळ्यांना एकत्र दिलं होतं आणि शेजारच्या खोलीत वेगळा नियम ठेवला असता तर दुपारच्या चहापर्यंत सगळ्यांना कळलं असतं. म्हणजे मजला निवडण्यामागे कारण होतं. पण मग असे बरेच मजले किंवा बरेच वृद्धाश्रम घ्यायला हवे होते. २००४ साली अशा गटवार प्रयोगांसाठी कॉन्सॉर्टची वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आली. तुमच्या प्रयोगात वर्ग, वॉर्ड, गाव किंवा आश्रम हे एकक असेल, तर ती आधी वाचा.

अडचण दुसरी: गुण कोणी दिले?

सुधारणा झाली की नाही, यात नर्सच्या नोंदींचा मोठा वाटा होता. नर्सना प्रयोगाचा हेतू सांगितला नव्हता, आणि ही काळजी योग्यच आहे. पण एक साधी गोष्ट बघा. दुसऱ्या मजल्यावर कुंड्यांना पाणी कोण घालत होतं? नर्सच. चौथ्या मजल्यावर? राहणारे स्वतः. म्हणजे हेतू माहीत नसला तरी आपल्या मजल्यावर काय चाललंय ते त्यांना रोज दिसत होतं. शिवाय प्रत्येक मजल्याला गुण देणाऱ्या नर्स त्याच मजल्यावरच्या, म्हणजे दोन मजल्यांचे परीक्षकही वेगळे.

आणि ७१ टक्के लोक तीन आठवड्यांत खालावले, हा आकडा वाचून तुम्ही थबकायला हवं. तीन आठवड्यांत एवढी माणसं खरंच खालावतात का, की मोजपट्टीच जरा सरकली? असा प्रश्न मनात येणं हे संशोधक होण्याचं पहिलं लक्षण समजा.

अडचण तिसरी: मृत्यूचे आकडे

आता कागद-पेन काढा. अठरा महिन्यांत चौथ्या मजल्यावरच्या ४७ पैकी ७ जण गेले, म्हणजे १५ टक्के. दुसऱ्या मजल्यावरच्या ४४ पैकी १३, म्हणजे ३० टक्के. प्रयोगाआधीच्या अठरा महिन्यांत अख्ख्या संस्थेतलं प्रमाण २५ टक्के होतं.

एकूण मृत्यू २०. काहीच फरक नसता तर मजल्यांच्या संख्येप्रमाणे साधारण १० आणि १० अशी वाटणी झाली असती. प्रत्यक्षात झाली ७ आणि १३. म्हणजे जगभर सांगितली गेलेली ही गोष्ट जेमतेम तीन माणसांच्या फरकावर उभी आहे.

दोन प्रमाणांमधल्या फरकाची साधी झेड चाचणी स्वतः करून बघा. उत्तर १.७ च्या आसपास येईल. १९७७ च्या पेपरमध्ये ३.१४ छापलं होतं आणि पी ०.०१ पेक्षा कमी. १९७८ साली त्याच नियतकालिकात शुद्धिपत्रक आलं: झेड ३.१४ नसून १.७४, आणि पी फक्त ०.१० पेक्षा कमी. सोप्या भाषेत सांगायचं तर खरोखर काही फरक नसता तरी एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने शंभरात आठ-नऊ वेळा दिसला असता. आणि हे गणितसुद्धा ९१ माणसं स्वतंत्र आहेत असं धरून केलेलं. वरची मजल्यांची अडचण यात धरली, तर खात्री आणखी कमी होते.

चूक सगळ्यांकडून होते. ती छापून दुरुस्त केली, हे चांगलंच झालं. पण शुद्धिपत्रक काही ओळींचं असतं आणि गोष्ट गोड असते. गोष्ट पुढे गेली, शुद्धिपत्रक मागे राहिलं. माझ्यासारख्यांनी ती तशीच पुढे ढकलली, त्यात माझाही वाटा आहे.

आणि कुंडीचं काय?

त्या मजल्यावर एकाच वेळी भाषण, खोलीची मोकळीक, सिनेमाचा दिवस आणि रोप एवढं सगळं दिलं होतं. यातलं नेमकं काय लागू पडलं, हे या प्रयोगातून कळत नाही. 'रोप दिल्याने आयुष्य वाढतं' हे वाक्य या पेपरमध्ये मुळी नाहीच. ते नंतर सांगणाऱ्यांनी तयार केलं.

दुसरा पेपर, जो कुणी सांगत नाही

१९७६ सालीच रिचर्ड शुल्झ यांचा एका वृद्धाश्रमातल्या वेगळ्या प्रयोगावरचा पेपर आला. कॉलेजचे विद्यार्थी दोन महिने तिथल्या लोकांना भेटायला जायचे. एका गटाने भेट कधी आणि किती वेळ, हे स्वतः ठरवायचं. दुसऱ्या गटाला वेळ आधी कळवली जायची. तिसऱ्याकडे विद्यार्थी अचानक येऊन टपकायचे. चौथ्याकडे कुणीच जात नव्हतं. इथे एकेका माणसाची चिठ्ठी टाकली होती, हे लक्षात घ्या. पहिल्या दोन गटांची स्थिती सुधारली आणि त्या दोघांत फारसा फरक नव्हता. म्हणजे कुणीतरी येणार आहे आणि कधी येणार आहे, एवढं माहीत असणंही पुरेसं ठरलं.

मग १९७८ साली शुल्झ आणि बार्बरा हानुसा यांचा पाठपुराव्याचा पेपर आला. प्रयोग संपल्यावर दोन ते साडेतीन वर्षांच्या काळात पुन्हा पाहणी केली. ज्या दोन गटांना फायदा झाला होता, तेच नंतर झपाट्याने घसरले. बाकीचे दोन होते तसेच राहिले. गट लहान होते, त्यामुळे यावरही फार मोठी इमारत बांधू नका. पण हा पेपर वाचल्यापासून मला एक रविवार आठवत राहतो.

बी.एस्सी.ला असताना आम्ही राष्ट्रीय सेवा योजनेतून एका वृद्धाश्रमात जायचो. पत्ते, अंताक्षरी, प्रश्नावली भरून घेणं. सहा रविवार गेलो. सहाव्या रविवारी एका आजींनी विचारलं, "पुढच्या रविवारी येणार ना रे? मी चिवडा ठेवते." मी हो म्हणालो. तास पूर्ण झाले होते, परीक्षा आली, मी गेलो नाही. माझ्या अहवालात 'उपक्रमानंतर रहिवाशांच्या आनंदात वाढ' असा तक्ता आहे. सातव्या रविवारचा रकाना त्यात नाही.

मग तुम्ही काय करायचं?

वृद्धाश्रमातल्या उपक्रमांवर काम करणार असाल तर चार गोष्टी आधी ठरवा. एकक कोणतं आहे, माणूस, मजला की आश्रम? गुण देणाऱ्याला गट माहीत आहे का? एका वेळी किती गोष्टी बदलताय? आणि तुमचं काम संपल्यावर तो उपक्रम कोण चालवणार? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सिनॉप्सिसमध्येच लिहा आणि आजी-आजोबांना पहिल्याच दिवशी सांगा की आम्ही अमुक तारखेपर्यंत येणार आहोत.

मोठे प्रयोग कसे दिसतात, तेही बघून ठेवा. ब्रिटनमधला ऑपेरा हा प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात ७८ केअर होम होती आणि आठवड्यातून दोनदा सामूहिक व्यायाम घेतला जायचा. नैराश्य कमी झालं नाही. २०१८ साली आलेल्या व्हेल्डमध्ये ६९ नर्सिंग होममधल्या स्मृतिभ्रंश झालेल्या लोकांसाठी व्यक्तिकेंद्री काळजी आणि गप्पागोष्टींची सोय केली होती. जीवनमान थोडं सुधारलं. या 'नाही' आणि 'थोडं'च्या गोष्टी कुणी स्टेजवरून सांगत नाही, पण त्यांच्यावर जास्त विसंबता येतं.

आणि लँगर-रोडिन? खुशाल उद्धृत करा, प्रश्न विचारला म्हणून. फक्त मृत्यूचा आकडा लिहिणार असाल, तर पुढच्याच वाक्यात शुद्धिपत्रक लिहा.

पुढच्या वेळी शुद्धिपत्रकं शोधायची कशी, ते सांगतो. तोवर एक गृहपाठ: ७ आणि १३ ऐवजी ९ आणि ११ मृत्यू धरून तीच चाचणी पुन्हा करा. दोनच माणसं इकडची तिकडे झाली, तर गोष्टीचं काय होतं ते बघा.