स्पीकर तोलायचा, तर खोलीसकट

लाउडस्पीकरच्या परीक्षणातील एका वाक्यावरून खटला उभा राहिला आणि तो थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, असे सांगितले तर पटणार नाही. पण तसे झाले आहे. १९७० साली ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांच्या मासिकाने बोस कंपनीच्या ‘९०१’ या स्पीकरविषयी लिहिले, की त्यातून ऐकू येणारी वाद्ये अवाढव्य झाल्यासारखी वाटतात आणि खोलीभर भटकतात. कंपनीचा आक्षेप या ‘खोलीभर’वर होता. वाद्ये सरकत असलीच तर समोरच्या भिंतीच्या कडेने सरकतात, खोलीभर नव्हे! खालच्या न्यायालयाने हे मान्य केले, वरच्याने निकाल फिरवला आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने मासिकाच्या बाजूने कौल दिला. शब्द नेमका नसेल, पण जाणूनबुजून खोटे लिहिल्याचे सिद्ध होत नाही, असा त्याचा मथितार्थ.

वकिलांनी शब्द तोलले, ते त्यांचे कामच होते. विज्ञानाच्या शिक्षकाला मात्र वेगळाच प्रश्न पडायला हवा. भिंत कोणाची? ती किती दूर होती, कशाची होती? स्पीकरांच्या परीक्षणांत बहुधा हेच सांगितलेले नसते. किंमत असते, वॉट असतात, लाकडाचा रंगसुद्धा असतो. खोली नसते.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. जालना रस्त्यावरच्या करमाडचेच उदाहरण घेऊ. शेंद्र्याची औद्योगिक वसाहत शेजारी आल्यापासून या पट्ट्यात पांढऱ्या मातीच्या धाब्याच्या घरांच्या जागी स्लॅबची घरे झपाट्याने उभी राहिली. कापसाचे पैसे हाती आले किंवा मुलगा कंपनीत लागला, की घरात चांगला टेप, पुढे होम थिएटर आणि एखाद्या हौशी घरात खरोखरीचे भारी स्पीकर येतात. घेण्यापूर्वी गावातल्या सरांना विचारले जाते, “सर, कोणता घ्यावा?” रक्कम काही हजारांपासून लाखापर्यंत असते. उत्तर द्यायचे तर आधी खोली मोजावी लागेल.

समजा, खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच आहे. खाली फरशी, चारी बाजूंना सिमेंटचा गिलावा, वर स्लॅब. घनफळ ३४ घनमीटर, पृष्ठभाग सुमारे ६३ चौरस मीटर. असा गुळगुळीत कठीण पृष्ठभाग आवाजाचा जेमतेम ३ टक्के भाग शोषतो असे धरू. निनादकाळ काढण्याचे सूत्र वॉलेस सॅबिन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोधले. घनफळाला ०.१६१ ने गुणायचे आणि एकूण शोषणाने भागायचे. उत्तर येते २.९ सेकंद. म्हणजे गायकाची एक तान संपून दुसरी सुरू झाली, तरी पहिली खोलीत घुमतच असते. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, म्हणजे सुतार लेण्यात, जाऊन टाळी वाजवलेल्यांना हा अनुभव आहे. तिथे तो भव्य वाटतो. दहा फुटांच्या खोलीत त्याचा नुसता गोंगाट होतो.

आता त्याच खोलीत गाद्या, गोधड्या, जाड पडदे आणि कपड्यांनी भरलेली दांडी आणू या. शोषण १० चौरस मीटरने वाढले, तर निनादकाळ ०.४६ सेकंदांवर येतो. गोधडीला स्पीकरांच्या जाहिरातीत जागा नाही, पण एवढा फरक लाखाचा स्पीकरही पाडू शकत नाही.

खर्जाची गोष्ट अधिक गंमतीची आहे. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ठराविक वारंवारतेचे स्थिर तरंग तयार होतात. २५ अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला ३४६ मीटर धरला, तर १२ फुटी लांबीत ४७, ९५ आणि १४२ हर्ट्झला अनुनाद होतो. १० फुटी रुंदीत ५७ आणि ११३ हर्ट्झला. उंचीही १० फूटच असल्याने ५७ आणि ११३ला दुहेरी जोर चढतो. म्हणूनच १० बाय १०ची, वर १० फूट उंचीची चौकोनी खोली संगीताला सर्वांत वाईट. तिथे तिन्ही दिशांचे अनुनाद एकाच जागी येऊन बसतात.

काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास असतो आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ला. आपल्या खोलीत षड्ज १४२च्या अनुनादाशेजारी पडतो, तर खर्ज ५७ आणि ९५ यांच्या मधल्या ओसाड पट्ट्यात. भिंतीशी बसणाऱ्याला षड्ज फुगलेला आणि खर्ज दुबळा ऐकू येईल आणि तो म्हणेल, “स्पीकरला खर्जच नाही!” स्पीकर बिचारा निर्दोष असेल.

या नजरेने पाहिले, तर नावाजलेले स्पीकर हे खोलीविषयीची निरनिराळी मते आहेत असे दिसते. ‘९०१’चा कर्ता अमर बोस हा एमआयटीतला प्राध्यापक, बंगालमधून अमेरिकेत गेलेल्या वडिलांचा मुलगा. सभागृहात श्रोत्याला मिळणारा बहुतेक आवाज परावर्तित असतो, हे पाहून त्याने १९६८ साली नऊ छोट्या स्पीकरांपैकी आठांची तोंडे मागच्या भिंतीकडे फिरवली. विचार धाडसी होता. पण सभागृहाचा निनाद ध्वनिमुद्रणातच आलेला असतो. त्यावर आपल्या खोलीचा दुसरा लेप चढवायचा कशाला? करमाडच्या गिलाव्याच्या भिंतीवर हे आठ स्पीकर रोखले, तर ‘खोलीभर’ हा शब्द मला मुळीच अतिशयोक्त वाटणार नाही.

इंग्लंडच्या पीटर वॉकरने १९५७ साली बाजारात आणलेला ‘क्वाड’ याच्या अगदी उलट. यात कागदी कोन नाही. दोन सच्छिद्र पाटांमध्ये ताणलेला पातळ प्लॅस्टिकचा पडदा आणि त्यावर काही हजार व्होल्टचा स्थिरविद्युत दाब. पडदा हलका असल्याने सूर चटकन उमटतो आणि चटकन विरतो. मानवी आवाज त्यातून विलक्षण खरा येतो असा त्याचा लौकिक आहे. तो पुढे आणि मागे सारखाच आवाज टाकतो, बाजूंना जवळजवळ नाहीच. बाजूच्या भिंती त्यामुळे गप्प बसतात, पण मागे तीन-चार फूट मोकळी जागा लागते. १२ फुटांतली चार अशी गेली, तर पाहुण्यांनी बसायचे कुठे? शिवाय उच्च दाबाकडे धूळ ओढली जाते आणि मराठवाड्यात धुळीची वाण नाही. असा पडदा आणि नेहमीचा कोन यांची जोडी करणारे स्पीकर पुण्याच्या ‘केडन्स’नेही बनवले. ही गोष्ट आपल्याकडे कमी लोकांना ठाऊक आहे.

तिसरे मत बीबीसीचे. बाहेरून प्रक्षेपण करताना गाडीत अभियंत्याच्या कानाजवळ ठेवता यावा म्हणून १९७०च्या दशकात तयार झालेला ‘एलएस ३/५ए’ जेमतेम बारा इंच उंच आहे. तो खालचे स्वर सोडूनच देतो आणि खोलीचे खालचे अनुनाद फारसे चाळवत नाही. तरीही तंबोऱ्याचा खर्ज त्यातून कळतो! ६९ हर्ट्झ नीट आला नाही, तरी १३९, २०८, २७७ हे त्याचे पटीतले स्वर येतात आणि मेंदू त्यांवरून गाळलेला मूळ स्वर भरून काढतो. पखवाजाच्या धुमेचा छातीवर बसणारा ठोका मात्र मेंदूला भरून काढता येत नाही. तो हवा असेल तर हा स्पीकर घेऊ नये. वर सांगितलेल्या खोलीसाठी तिघांत माझे मत याच छोट्या खोक्याला.

वॉटच्या आकड्यांवर फार शाई खर्च करण्यात अर्थ नाही. नव्वदच्या दशकात खोक्यांवर ‘२००० वॉट पी.एम.पी.ओ.’ छापलेले असे. त्या मापाला कोणतीही सर्वमान्य व्याख्या नव्हती. मागच्या पट्टीवर ‘४० वॉट’ विजेचा खप लिहिलेला असताना पुढून सतत २००० वॉट निघणे म्हणजे ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमाला सुट्टी. आठवीच्या मुलांना हे उदाहरण पाठ्यपुस्तकातल्यापेक्षा लवकर पटते. स्पीकर तसाही उधळ्याच. बीबीसीच्या त्या खोक्यात घातलेल्या विजेचा साधारण हजारावा भागच ध्वनी होतो, बाकी सारी उष्णता.

मग कानांवर विश्वास ठेवावा का? ठेवावा, पण डोळे झाकून. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी आपल्याच कंपनीतल्या ४० जणांना चार स्पीकर दोनदा ऐकवले, एकदा पडद्याआड आणि एकदा उघडे. उघडे असताना मोठ्या, महागड्या स्पीकरांना गुण चढले आणि छोट्या स्वस्त संचाचे घसरले. मला त्याहून बोलकी वाटते ती दुसरी नोंद. पडद्याआड असताना स्पीकरची खोलीतील जागा बदलली की श्रोत्यांचे गुण बदलत. उघडे असताना तेवढे बदलत नसत. डोळ्यांनी निकाल दिला, की कान खोली ऐकायचे सोडून देतात.

हा प्रयोग शाळेत होऊ शकतो. दोन स्पीकर, समोर पातळ सुती लुगडे आणि एक नाणे एवढे पुरे. आधी मोबाइलवरच्या डेसिबलमापकाने दोन्हींचा आवाज सारखा करावा, कारण थोडा मोठा आवाज नेहमीच ‘चांगला’ वाटतो. दोन्ही आळीपाळीने एकाच जागी ठेवावेत. मोकळ्या शेतात, भिंतींपासून दूर मुद्रित केलेला वर्गातल्याच एखाद्या मुलाचा आवाज ऐकवावा, कारण मूळ आवाज सर्वांच्या ओळखीचा असतो. नाणे उडवून पहिला की दुसरा ते ठरवायचे आणि मुलांनी ओळखायचे. दहापैकी नऊ किंवा दहा वेळा नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता १०२४त ११ आहे. इतके कोणाला जमले, तर फरक खरोखर ऐकू येतो म्हणायला हरकत नाही.

त्यानंतर खोली मोजावी. १२ फुटी खोलीत स्पीकर कोपऱ्यात ठेवून १४२ हर्ट्झचा अखंड स्वर लावा आणि एक कान बोटाने बंद करून भिंतीपासून सावकाश चालत जा. २, ६ आणि १० फुटांवर आवाज एकदम मंदावेल. आपण खुर्ची बहुधा मधोमध, म्हणजे नेमकी ६ फुटांवर मांडतो. तिथे बसलेला षड्ज पातळ म्हणून स्पीकर नापसंत करील आणि भिंतीला टेकून बसलेला त्याच स्पीकरची वाहवा करील. दोन मंद जागांमधले अंतर ४ फूट, म्हणजे अर्धी तरंगलांबी. त्यावरून ध्वनीचा वेग मुलांनाच काढू द्यावा. हे गणित हिवाळ्यात किंवा पावसाळ्यात करावे. मे महिन्यात, पारा ४२ अंशांवर असताना, त्याच खोलीत स्वर १४६ हर्ट्झचा लावावा लागेल.