पुराव्याचे वजन आणि विशेषणांचे माप

युरोपातील न्यायसहायक विज्ञानसंस्थांच्या संघटनेने २०१५ मध्ये तज्ज्ञांच्या अहवालांसाठी जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तिचा मूळ सिद्धान्त निर्दोष आहे. तज्ज्ञाने अपराधाविषयी मत द्यावयाचे नसून, दोन परस्परविरुद्ध विधानांपैकी प्रत्येक खरे मानल्यास हाती आलेला पुरावा आढळण्याचा संभव किती, एवढेच सांगावयाचे. या दोन संभवांचे गुणोत्तर हेच पुराव्याचे वजन होय. आक्षेप आहे तो या गुणोत्तराच्या शाब्दिक रूपांतराविषयी.

मार्गदर्शिकेने उदाहरणादाखल दिलेल्या श्रेणीत २ ते १० या गुणोत्तरास 'दुर्बळ', १० ते १०० यास 'मध्यम' आणि १,००० ते १०,००० यास 'प्रबळ' पुष्टी म्हटले आहे. परंतु विशेषणाचा अर्थ श्रोता न वापरलेल्या विशेषणांवरूनही ठरवितो. 'दुर्बळ पुष्टी' म्हणताच अधिक काही सांगण्याजोगे नव्हते असा ध्वनी निघतो, आणि पुष्टीचाच विरोध होऊन बसतो. मार्टायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रयोगांती हेच दाखविले होते. तरीही तो शब्द कायम राहावा, हे आश्चर्य होय.

इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २०१० मध्ये निकालात काढलेल्या 'आर. विरुद्ध टी.' या खटल्यात दुसरा दोष उघड झाला. बुटाच्या ठशाविषयी तज्ज्ञाने सुमारे १०० हे गुणोत्तर काढले होते. ज्यूरीपुढे मात्र 'मध्यम प्रमाणात वैज्ञानिक पुष्टी' एवढेच शब्द आले. या अपारदर्शकतेवर न्यायालयाने ठेवलेला ठपका रास्तच आहे. तथापि भक्कम सांख्यिकीय आधार नसेल तेथे सूत्रच वापरू नये, हा त्याचा निष्कर्ष पटण्यासारखा नाही. आकडा टाळल्याने अनिश्चितता नाहीशी होत नाही; ती शब्दाआड जाते, इतकेच.

गुणोत्तराच्याही अनिश्चिततेचा उल्लेख करावा काय, याविषयी मतभेद आहे. टारोनी प्रभृतींच्या मते (२०१६) गुणोत्तर हीच अनिश्चिततेची पूर्ण अभिव्यक्ती होय. उलट गृहीतके बदलल्यास आकडा किती हलतो हे दाखविले पाहिजे, असे लुंड व अय्यर (२०१७) मानतात. दुसरा पक्षच अधिक ग्राह्य वाटतो. कारण न उच्चारलेल्या गृहीतकाची उलटतपासणी करता येत नाही.

मराठीत असा अहवाल लिहिणाऱ्यास 'जर–तर' ही जोडी उपलब्ध आहे. 'जर ठसा याच बुटाचा असेल, तर असे साम्य आढळण्याचा संभव अधिक' हे वाक्य उलटून 'जर असे साम्य आढळले, तर ठसा याच बुटाचा असण्याचा संभव अधिक' असे केले, की प्रतिपादनच पालटते आणि न्यायाधीशाचे काम तज्ज्ञाच्या तोंडी पडते. विशेषण गाळले तरी अहवाल टिकेल. 'जर'ची जागा बदलली तर टिकणार नाही.