गोमटेश्वराच्या पायाशी : गाळलेली ओळ

भिवंडीत राहत असल्याने तालुक्यातल्या लोनाड-चौधरपाडा परिसरातील शिलाहारकालीन लेख पाहायला माझे वारंवार जाणे होते. सोबतचे पाहुणे हमखास विचारतात, ‘मराठीतला पहिला शिलालेख हाच का?’ आणि नाही म्हणायच्या आत स्वतःच सांगतात, ‘तो श्रवणबेळगोळचा, सन ९८३चा!’ पाठ्यपुस्तकांनी व व्याख्यानांनी रुजवलेले हे उत्तर मूळ लेखासमोर टिकत नाही.

श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी नागरी लिपीत दोन मराठी ओळी आहेत. पहिली, ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’, सर्वांना पाठ असते. दुसरी, ‘श्रीगंगराजें सुत्तालें करवियलें’, बहुधा गाळली जाते. खरा पुरावा मात्र तिच्यात आहे. गंग राजांचा मंत्री चामुंडराय याने मूर्ती करवली ती दहाव्या शतकाच्या अखेरीस. गंगराज हा होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती. मूर्तीभोवतीचा प्राकार त्याने १११७च्या सुमारास बांधवला. दोन्ही मराठी ओळींचे अक्षरवळण सारखे आहे. म्हणून त्या एकाच वेळी, गंगराजाच्या काळात कोरल्या गेल्या, हे मत मला ग्राह्य वाटते. आपण मूर्तीचे वर्ष लेखाला चिकटवले आहे.

मग पहिलेपणाचा मान रायगड जिल्ह्यातील अक्षीच्या शके ९३४च्या, म्हणजे १०१२च्या लेखाला दिला जातो. पण तिथल्या शकाच्या वाचनावरही मतभेद आहेत. एका लेखाकडून दुसऱ्याकडे मान फिरवत बसण्यापेक्षा लेख काय सांगतो ते पाहावे.

‘करवियलें’ म्हणजे करविले. ‘सुत्तालें’ हा कन्नड ‘सुत्तालय’चा मराठी अवतार, ‘सुत्त’ म्हणजे सभोवार. पहिल्या ओळीचा आशय तिथेच कन्नड व तमिळमध्येही कोरलेला आहे. कन्नड मुलखातल्या जैन तीर्थावर मराठी वाचणारा यात्रेकरू येत असावा आणि दात्याचे नाव त्याच्याही भाषेत त्याला कळावे असे तिथल्यांना वाटले असावे. अभिमान बाळगायचा तर तो याचा. नऊशे वर्षांपूर्वी शेजारच्या भाषेने मराठीला आपल्या तीर्थात जागा दिली आणि मराठीनेही तिचा शब्द सहज उचलला. ‘आद्य वाक्या’च्या घोषणेत हा शेजार हरवतो, लेखाचा जैन संदर्भही पुसट होतो.

पाठ्यपुस्तकात यापुढे दोन्ही ओळी छापाव्यात, एवढेच माझे मागणे आहे.