प्रचारातले दोन शब्द

मराठीत सर्वाधिक वाचले जाणारे आणि तरीही समीक्षकांनी कधी हाती न धरलेले गद्य म्हणजे निवडणुकीचे प्रचारपत्रक. कादंबरीच्या एका शब्दावर आपण पाने खर्ची घालतो. ज्या शब्दांवर आपले मत मागितले जाते ते मात्र मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी रद्दीत जातात. म्हणून १९९९ च्या निवडणुकीतील दोन शब्दांची समीक्षा येथे करण्याचे आम्ही योजिले आहे. ते शब्द म्हणजे ‘हुतात्मा’ आणि ‘परदेशी’.

प्रथम पार्श्वभूमी. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार एका मताने पडले. मे महिन्यात कारगिलचे युद्ध पेटले आणि २६ जुलैस संपले. पाचशेहून अधिक जवान परत आले ते तिरंग्यात गुंडाळलेल्या शवपेट्यांतून. त्यानंतर दीड-दोन महिन्यांतच देशाने मतदान केले. महाराष्ट्रात लोकसभा व विधानसभा या दोन्हींसाठी एकाच वेळी. जखमा ओल्या असताना एवढा मोठा देश मतपेटीकडे गेला, ही गोष्ट अभिमानाची आहे. आमची तक्रार निवडणुकीविषयी नाही, तिच्या भाषेविषयी आहे.

‘हुतात्मा’ हा शब्द आम्हां ख्रिस्ती लोकांना फार जवळचा. आरंभीच्या ख्रिस्तसभेने हुतात्म्यांच्या थडग्यांवर वेदी उभारल्या. हुतात्मा साक्ष देतो. पण कोणत्याही पक्षाची नव्हे. १९९९ च्या प्रचारात मात्र त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून काढून वकिलाच्या खुर्चीत बसविण्यात आले. सत्ताधारी म्हणत, हा विजय आमचा. विरोधक म्हणत, घुसखोरी झाली ती तुमच्या गाफीलपणामुळे. दोन्ही विधानांची शहानिशा व्हायला हवी होती. त्यासाठी के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली २९ जुलैस समितीही नेमली गेली. तिचा अहवाल डिसेंबरात सादर झाला, आणि मतदान तर केव्हाच उरकले होते. पुरावा यायच्या आत निकाल मागितला गेला, हा त्या प्रचाराचा पहिला दोष.

बोफोर्स तोफेचे उदाहरण तर नाट्यमय आहे. १९८९ च्या प्रचारात ‘बोफोर्स’ या शब्दाचा अर्थ होता दलाली. १९९९ मध्ये तीच तोफ कारगिलच्या शिखरांवर पराक्रमाची खूण ठरली. दलालीचा आरोप आणि तोफेची गुणवत्ता हे वेगळे प्रश्न आहेत, एवढा साधा विवेक दोन्ही वेळच्या व्यासपीठांवर क्वचितच दिसला. आमच्या पट्ट्यात, देहूरोडच्या डेपोत आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, लष्करासाठी राबणारी कुटुंबे आहेत. युद्ध म्हणजे दारूगोळा, वाहतूक आणि जादा पाळ्या, हे त्यांना ठाऊक असते. त्यांच्या वाट्याचे युद्ध प्रचाराच्या भाषेत मावले नाही.

आता दुसरा शब्द. १५ मे १९९९ रोजी शरद पवार, पी. ए. संगमा व तारिक अन्वर यांनी सोनिया गांधींच्या परदेशी जन्माचा प्रश्न पत्राद्वारे उपस्थित केला. काँग्रेसने त्यांना काढून टाकले आणि जूनमध्ये राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष जन्मास आला. भाजप व शिवसेना यांनीही तोच प्रश्न लावून धरला. पिंपरी-चिंचवड त्या वेळी बारामती लोकसभा मतदारसंघात होते. म्हणजे त्या पत्राच्या एका कर्त्यालाच मत द्यायचे की नाही, हे येथील मतदारास ठरवायचे होते.

आणि हे ठरवायचे कोणी? फाळणीनंतर निर्वासित म्हणून पिंपरीत आलेल्या सिंधी बांधवांनी, लातूर-बीडहून कारखान्यात आलेल्या कामगारांनी, आणि वसई, नगर, गोवा, केरळ येथून आलेल्या आमच्यासारख्यांनी! या नगरीत ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा ओळख करून घेण्याचा प्रश्न आहे, दोषारोप नव्हे. टेल्कोच्या आवारात १९९५ पासून जर्मन मोटारी जोडल्या जात होत्या, त्यांचा जन्म कोणी काढला नाही. आणि ज्या फादर स्टीफन्सनी मराठीचे गुणगान केले, ज्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोलला छापले गेले, ते जन्माने इंग्रज होते. त्यांना परके म्हटले तर मराठीचेच दालन रिते होईल.

देशाचे सर्वोच्च पद कोणास द्यावे, याविषयी घटनात्मक चर्चा जरूर व्हावी; ती करणारा द्वेष्टा ठरत नाही. पण तो प्रश्न तत्त्वाचा होता, तर निकालानंतरही टिकावयास हवा होता. महाराष्ट्रात कोणासही बहुमत मिळाले नाही आणि १८ ऑक्टोबर १९९९ रोजी विलासराव देशमुखांच्या नेतृत्वाखाली काँग्रेस आणि राष्ट्रवादी एकत्र सत्तेवर आले. आघाडी करणे गैर नव्हे. परंतु ज्या शब्दासाठी घर मोडले, तो शब्द पाच महिन्यांत कुठे गेला, याचा खुलासा मतदारास कोणी दिला?

येथे आमच्याही पदरात माप घातले पाहिजे. त्याच वर्षी जानेवारीत ओरिसात ग्रॅहॅम स्टेन्स व त्यांची दोन मुले जिवंत जाळली गेली होती. त्यानंतर ‘परदेशी’ हा शब्द व्यासपीठावरून येताच आमच्या घरांत तो आपल्याला उद्देशून आहे की काय, अशी धास्ती वाटे. तरीही आम्ही उघड काही बोललो नाही. उलट, संगमा कॅथलिक, संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस एकेकाळी सेमिनरीत होते, ‘आपली माणसे’ दोन्हीकडे आहेत, यातच समाधान मानले. जन्मावरून माणूस जोखणे चूक, असे म्हणणारे आम्ही स्वतः नेमके तेच करीत होतो.

हा केवळ इतिहास नव्हे. जवानांची छायाचित्रे प्रचारात वापरू नयेत, असे निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये बजावले आणि मार्च २०१९ मध्ये पुन्हा सांगितले. तरी त्याच एप्रिलात लातूर जिल्ह्यातील औसा येथील सभेत पंतप्रधानांनी नवमतदारांना पुलवामाचे हुतात्मे व बालाकोटचे वीर यांच्या नावे मत देण्याचे आवाहन केले. आयोगाला त्यात आचारसंहितेचा भंग दिसला नाही. कायद्याचा निवाडा तो झाला. शब्दांचा निवाडा वाचकाने करावयाचा असतो.

तो कसा करावा? आमची सूचना साधी आहे. प्रत्येक पक्षाचे एकेक पत्रक घरात जपून ठेवावे. निकालानंतर सहा महिन्यांनी धर्मग्रामातील तरुणांनी एका संध्याकाळी सभागृहात ती सारी पत्रके मोठ्याने वाचावीत, आणि कोणता शब्द टिकला, कोणता टाकून दिला गेला, त्याची नोंद करावी. आपल्या आवडत्या पक्षाचे पत्रक मात्र सर्वांत आधी वाचावे.