गलोल, बंदूक आणि राजव्यवहारकोश

कैऱ्यांचे दिवस आले की आमच्या पिंप्राळ्यात पोरांच्या हाती गलोल येते. एकदा आमच्या उर्दू शाळेतील सातवीच्या मुलाने विचारले, "सर, गलोल हा लफ्ज आपला की त्यांचा?" ही वाटणी बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडून ऐकून आम्ही अस्वस्थ झालो. उत्तर शोधताना शिवकालीन 'राजव्यवहारकोश' पुन्हा हाती घेतला.

१६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांच्या आज्ञेने, रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली हा कोश सिद्ध झाला. त्यात दहा वर्ग आणि सुमारे १४०० शब्द आहेत. दरबारात रुळलेल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणे हा त्याचा हेतू. नवे राज्य उभारणाऱ्याने आपली राजभाषा घडवावी, यात गैर काय? आमच्यातील काही मंडळी या कोशाकडे केवळ संशयाने पाहतात, ते आम्हांला पटत नाही. कोश जुना शब्द लपवीत नाही, त्याला प्रतिशब्दाशेजारी बसवतो. म्हणूनच त्या काळच्या बोलीची ती मोलाची साक्ष ठरते.

पण कोशाची कसोटी लागते ती शस्त्रांपाशी. कारण शस्त्रांची नावे पंडित ठेवीत नाहीत. लोहार, ओतारी आणि शिपाई ठेवतात. 'बंदूक' पाहा. अरबीत 'बुंदुक' म्हणजे हेझलनट हे कवचीचे फळ. त्याच्या आकाराची मातीची गोळी धनुष्यातून मारीत, म्हणून गोळीही बुंदुक झाली. बगदादचा खलिफा अन-नासिर (११८० ते १२२५) याच्या काळी ही गोळीबाजी मोठ्या इभ्रतीचा खेळ होती. पुढे दारू आली, धनुष्य गेले, पण नाव राहिले. आमच्या पोरांची गलोल त्याच जुन्या गोळीधनुष्याचे फारसी नाव मिरवते. पायाने दाबून ताणायच्या धनुष्याचे आणि दगडफेकी यंत्रांचे वर्णन तरसूसीने बाराव्या शतकात सलाहुद्दीनसाठी लिहिले. त्या यंत्राचे 'मंजनीक' हे नाव मात्र मुळात ग्रीक! 'तोफ' तुर्की, 'कमान' फारसी. मग हे शब्द 'इस्लामी' कसे? इथे आमच्याही मंडळींच्या अभिमानाचा फुगा फुटतो.

प्रतिशब्द दफ्तरात राहिले. तोफ, बंदूक लोकांच्या तोंडी राहिली. एवढेच कशाला, 'मुख्य प्रधान' हे संस्कृत पद असूनही मराठी दौलत चालवली ती फारसी नावाच्या 'पेशव्यां'नी. 'कमान' तर युद्ध सोडून घराच्या दारावर जाऊन बसली. आणि तोफ डागणारा गोलंदाज आज क्रिकेटच्या मैदानात चेंडू टाकतो. त्याच्या जोडीला मराठीने फळीवरून 'फलंदाज' स्वतः घडवला. उधार घेतलेल्या प्रत्ययाला जी भाषा आपले शब्द जोडते, तिने तो प्रत्यय पचवला असेच म्हणावे लागेल.

शब्दांप्रमाणे शस्त्रेही. विजापूरची 'मलिक-ए-मैदान' १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. ओतणारा रूमी, म्हणजे उस्मानी मुलखातला, मालक निजामशहा. पुढे १६३२ मध्ये ती परांड्याहून विजापूरला नेली आदिलशाहीच्या मुरारपंतांनी. ही तोफ 'आपली' की 'त्यांची'?

ऐतिहासिक कादंबरीत खलनायकाच्या तोंडी फारसी आणि नायकाच्या तोंडी संस्कृत घालणाऱ्या लेखकांनी हा कोश एकदा नीट वाचावा. दोन्ही बाजूंचे शिपाई एकाच शब्दांनी लढत होते, आणि मरतही होते, हे त्यातून कळेल.

त्या मुलाला आम्ही सांगितले, "बेटा, गलोल ज्याच्या हातात, लफ्ज त्याचा." तो हसला आणि कैऱ्यांकडे पळाला. पण त्याच्या मनात तो प्रश्न पेरला कोणी, हे आम्हा शिकवणाऱ्यांना आणि लिहिणाऱ्यांना शोधावेच लागेल.