लाखेचा चमचा आणि उकळती आमटी

लेथवर लाकूड फिरतं आणि पटाशी एका जागी धरलेली असते. त्यामुळे लाटणं, भोवरा, रवीचा दांडा या लेथच्या हक्काच्या वस्तू. चमच्याचं तसं नाही. दांडा गोल निघतो, पण खळगा पडतो बाजूला. तो बहुधा हातानेच कोरावा लागतो. खरी परीक्षा तिथे. बाजारातले बरेच चमचे या परीक्षेत नापास होतात. दांड्यावर मणी आणि कंगोरे हौसेने काढलेले, खळग्यात मात्र पटाशीचे ओरखडे तसेच.

पीठ-साखर काढायचा स्कूप लेथला अधिक मानवतो. एकाच ठोकळ्यातून आधी गोळा आणि त्याला लागून दांडा काढायचा. मग तो गोळा लेथच्या लाकडी चकच्या, म्हणजे पकडीच्या, खोबणीत घट्ट बसवायचा, दांडा आडवा बाहेर ठेवून. लेथ सुरू झाला की दांडा पंख्याच्या पात्यासारखा फिरतो, दिसेनासा होतो आणि बोटांवर सपकन बसू शकतो. तो सांभाळत गोळा आतून पोखरायचा. रिचर्ड रॅफन यांच्यासारख्या मुरलेल्या कारागिरांनी या वस्तूकडे गांभीर्याने पाहिलं. परदेशातल्या हौशी मंडळींचे हल्लीचे स्कूप मात्र पिठाच्या डब्यापेक्षा काचेच्या कपाटातच जास्त शोभतात, असं माझं मत.

आपल्याकडचं दुखणं वेगळं आहे. कर्नाटकातलं चन्नपट्टण आणि आंध्रातलं एटिकोप्पाका इथे काळ्या कुड्याच्या पांढुरक्या, मऊ लाकडावर लाखकाम चालतं. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. वर केवड्याच्या जातीचं सुकं पान घासलं की झळाळी येते. एटिकोप्पाकाच्या सी. व्ही. राजू यांनी वनस्पतिजन्य रंग पुन्हा वापरात आणले. 2023 साली त्यांना पद्मश्री मिळाली. तंत्रात खोट नाही, खोट आहे वस्तूच्या निवडीत. लाख 75 अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडते आणि क्षारात विरघळते. असा चमचा उकळत्या आमटीत घातला, वर सोड्याने घासला, तर रंग टिकणार कसा? तरीही लाखेचे डाव आणि पळ्या ‘किचन सेट’ म्हणून विकल्या जातात. गिऱ्हाईक पस्तावतं आणि बोल लागतो कारागिराला.

कोकणातली डवली यापेक्षा शहाणी. खळग्यासाठी करवंटी आयती, कारागिराने फक्त दांडा बसवायचा. सावंतवाडीच्या लाकडी फळांचं आणि खेळण्यांचं कौतुक करताना या डवलीला आपण कलेच्या पंगतीत पानही मांडत नाही.

लाखेला कोरडी वस्तू हवी. चहापूड, साखर, रवा यांच्या डब्यातला छोटा स्कूप तिच्यासाठीच आहे. पुढच्या वेळी लाखकामाच्या दुकानात गेलात तर पळी नको, स्कूप मागा. पैसे देण्याआधी त्याच्या खळग्यातून बोट फिरवा. खरखर लागली तर परत ठेवा.